सोलापुरात बसून पुढची पाच वर्षं: इंटरनेटमुळे कोणाच्या कामात नेमकं काय बदलणार?

होटगीरोड
बारावी झालेलं पोर ज्या घरात आहे तिथं सध्या एकच विषय असतो: पुण्याला पाठवायचं की इथंच काहीतरी बघायचं. एक पाहुणा सांगतो, एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. दुसरा सांगतो, लॅपटॉप असला की कुठूनही काम करता येतं. दोन्ही ऐकून घरच्यांना ठरवता काहीच येत नाही.

माझं मत आधी मांडतो. ज्या कामाचा तपशील माप, वजन, फाईल, तारीख अशा रूपात पूर्ण लिहून देता येतो, ते काम सोलापुरातून जगात कुठंही जाईल. पण नेमकं तेच काम बाहेरचा माणूसही इथल्या गिऱ्हाईकाला करून देईल. म्हणजे गिऱ्हाईक वाढेल तसा स्पर्धकही वाढेल. ज्या कामात माल हातात घेऊन बघावा लागतो किंवा माणसासमोर बसावं लागतं, ते इथंच राहील.

यंत्रमाग, रेडिमेड, हिशेब, वकिली, दवाखाना, शेतीसल्ला, ज्याला जे आतून माहीत आहे त्यानं त्यातलंच लिहा. आकडे, पायऱ्या, कुठं फसतं ते. "काळाबरोबर बदललं पाहिजे" छापाचे प्रतिसाद नकोत, ही विनंती.

ताणाबाणा
चांगला धागा. जॅकार्डच्या (मागावर कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) डिझाईनबद्दल लिहितो, कारण तुमचं म्हणणं तिथं अगदी लागू पडतं.

पूर्वी नमुना आलेख कागदावर रंगवायचा, त्यावरून पंचकार्डं मारायची, ती ओवून मागावर चढवायची. हे सगळं एकाच गावात असावं लागायचं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला फक्त फाईल लागते. पेन ड्राइव्ह लावला की झालं. त्यामुळं अशोक चौकात बसलेला डिझायनर पानिपत किंवा करूरच्या मागासाठी फाईल करू शकतो. उलटंही होतं, सुरतेचा डिझायनर इथल्या मागाला फाईल पुरवतो.

पण नुसतं चित्र काढता येऊन भागत नाही. काम घेताना या गोष्टी लेखी मागून घ्या: जॅकार्डचे हुक (ताण्याचे धागे उचलणारे आकडे) किती, त्यातले किनारीसाठी किती राखलेत, इंचाला ताणे (उभे धागे) किती, इंचाला पीक (आडवे धागे) किती, सुताचा काउंट (जाडीचा आकडा), आणि धुतल्यानंतरचं तयार माप.

उदाहरण घ्या. १३४४ हुक, त्यातले २४ किनारीला. उरले १३२०. इंचाला ४० ताणे असतील तर नमुन्याची रुंदी १३२० भागिले ४०, म्हणजे ३३ इंच. ६६ इंचाच्या ताण्यात तो दोनदा बसतो. चादरीची लांबी ९० इंच आणि इंचाला ३६ पीक, म्हणजे फाईलची उंची ३२४० ओळी. फाईल अशी १३२० बाय ३२४० हवी.

आता चूक कुठं होते बघा. ताणे ४० आणि पीक ३६, म्हणजे पडद्यावरचा चौकोनी ठिपका कापडावर चौकोनी राहत नाही. पडद्यावर ४०० बाय ४०० ठिपक्यांचं गोल फूल काढलं तर कापडावर ते १० इंच रुंद आणि ११.१ इंच उंच येतं. मोर असला तर त्याची मान लांबते. सॉफ्टवेअरमध्ये ताणा-पीकचं प्रमाण आधी भरलं नाही तर हे मागावर कापड उतरल्यावरच कळतं, आणि तोवर सूत गेलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे फाईल जेपीजीमध्ये पाठवणं. जेपीजी रंगांच्या कडांना मधल्या छटा तयार करतं. पाच रंगांच्या नमुन्यात शेकडो रंग दिसायला लागतात. प्रत्येक रंगाला एकेक वीण द्यायची असते, त्यामुळं मागवाला डोक्याला हात लावतो. मोजक्या रंगांची बीएमपी द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथंही तेच होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरी, लांब फ्लोट. सूत वीण न घेता आठ-दहा पिकांवरून मोकळं गेलं की धुताना अडकतं, ओढलं जातं. फाईल देण्याआधी सॉफ्टवेअरमधून फ्लोट तपासून घ्या आणि मधे बांधणी टाका. एआयनं काढलेल्या चित्रात हीच गोष्ट सगळ्यात जास्त सापडते. चित्र सुंदर असतं, पण त्याला वीण माहीत नसते. पुढच्या पाच वर्षांत चित्र काढायचे पैसे कमी होतील आणि चित्राचं विणता येणारं कापड करून देणाऱ्याचे वाढतील, असं मला पक्कं वाटतं.

विजापूरवेस
दादा, बरोबर आहे, पण आपल्याकडं बरेच माग जुनेच आहेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड किती जणांना परवडणार? पूर्व भागातल्या चार मागांच्या कारखानदाराला या फाईलचा काय उपयोग?

ताणाबाणा
@विजापूरवेस, प्रश्न रास्त आहे. जुन्या मागालाही फाईल चालते, फक्त शेवटची पायरी बदलते. कार्ड पंच करून देणाऱ्याकडं फाईल द्यायची, तो यंत्रावर पंच करून देतो. एका पिकाला एक कार्ड, म्हणजे वरच्या उदाहरणात ३२४० कार्डं. म्हणून जुन्या मागासाठी लांबीत परत परत येणारा लहान नमुना करतात. तोच ९० इंचात सहा वेळा बसवला तर ५४० कार्डांत काम होतं. डिझायनरनं माग कोणता हे आधी विचारायचं, ते एवढ्याचसाठी.

नवीपेठकर
ऑनलाइन विक्रीवर लिहिते. टॉवेल-चादर विकणाऱ्याला वाटतं, फोटो टाकले की ऑर्डर येणार. ऑर्डर येतातही, पण पैसे उरत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच, कुरिअरचं वजन.

कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. चादरीचं पाकीट ३८ बाय ३० बाय १२ असेल तर १३,६८० भागिले ५०००, म्हणजे २.७४ किलो. चादरीचं खरं वजन १.८ किलो. जवळपास एक किलो हवेचे पैसे तुम्ही भरता. तीच घडी दाबून उंची ७ सेंटिमीटर केली तर आकारमान १.६ किलोवर येतं आणि बिल खऱ्या वजनावर लागतं. घडीची पद्धत बदलली की नफा-तोटा बदलतो.

दाबून पॅक करताना माल पूर्ण कोरडा हवा. पावसाळ्यात सुती मालात ओल राहते, हवाबंद पिशवीत तीन-चार दिवसांत कुबट वास धरतो आणि माल परत येतो. उन्हाळ्यात आपल्याकडं ही अडचण नाही, सोलापूरचं ऊनच फुकटचा ड्रायर आहे.

माल परत येण्याची कारणं तीन: माप, रंग, "पातळ निघाला". तिसऱ्यावर उपाय म्हणजे जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहा आणि तो खरा लिहा. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमचा असेल तर वजन साधारण ५०६ ग्रॅम भरायला हवं. गिऱ्हाईक घरच्या काट्यावर तोलतं हे लक्षात ठेवा. "४५० जीएसएम, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास" असं दोन्ही लिहिलं की वाद होत नाही. रंगासाठी फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात काढा आणि शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो द्या.

आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ऑनलाइन त्या नावाखाली कुठलाही माल विकला जातो. १९९९ च्या कायद्याप्रमाणं उत्पादकाला "अधिकृत वापरकर्ता" म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करता येते. ती असेल तरच खोट्या लिस्टिंगविरुद्ध तक्रार करताना हातात कागद असतो. संस्थेकडं मानांकन आहे एवढ्यावर बसून राहू नका. पाच वर्षांनी सोलापुरी नावाचा फायदा कोण घेणार, हे या नोंदणीवर ठरणार आहे.

कुंभारीकर
ताई, शाळेच्या गणवेशाचं काय? तो पण ऑनलाइन जाईल का?

नवीपेठकर
@कुंभारीकर, सुटा गणवेश ऑनलाइन विकणं अवघड आहे. शाळेगणिक कापड, चेक्स, बॅज वेगळे, आणि एकाच इयत्तेत सात-आठ साइज. बदलेल ते मागणी गोळा करणं. शाळेनं पालकांना फॉर्म पाठवायचा, त्यात इयत्ता न विचारता छाती, कंबर, उंची सेंटिमीटरमध्ये विचारायची, आणि मोजण्याचा छोटा व्हिडिओ जोडायचा. साइजनिहाय आकडा एप्रिलमध्येच मिळाला तर कापड कापताना मार्कर (कापायच्या तुकड्यांची मांडणी) नीट बसतो आणि जूनमध्ये उरलेल्या साइजचा ढीग पडत नाही. इथल्या कारखानदाराला तेलंगणातली किंवा थेट आखातातली शाळा हाताळता येते ती अशी. शिलाई मात्र इथंच होणार.

खतावणी
हिशेबाच्या व्यवसायाकडं येतो. इथं बदल "होणार" म्हणणं चूक आहे, अर्धा होऊन गेलाय.

ई-इन्व्हॉइस (जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं. ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींवर आली. एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि वरच्यांना बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवावं लागतं. दिशा स्पष्ट आहे, आज ना उद्या लहान व्यापारीही यात येणार असं धरून चाला.

याचा अर्थ, महिनाअखेरीस दुकानोदुकानी फिरून बिलं गोळा करायची आणि टॅलीत टाकायची हे काम संपत आलं. विक्रीचा आकडा ११ तारखेच्या रिटर्नमधून जातो, १४ तारखेला २बी (खरेदीवर मिळणाऱ्या कर-वजावटीचा तक्ता) तयार होतं, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). ऑक्टोबर २०२४ पासून आयएमएस आलंय: पुरवठादाराचं प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं ते पोर्टलवर ठरवायचं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलेलं धरलं जातं. इथं माणसाची गरज वाढली आहे, कारण माल आलाच नाही आणि बिल आलंय हे गोदामातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठल्याही सॉफ्टवेअरला कळत नाही.

नेहमी फसतं ते असं. बिल नंबरात एकानं ००४५ लिहिलं, दुसऱ्यानं ४५, जुळणी होत नाही. ई-इन्व्हॉइस रद्द करायला २४ तासच मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते किंवा रिटर्नमध्ये दुरुस्ती करावी लागते. आणि ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी: प्लॅटफॉर्म ०.५ टक्का टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्का टीडीएस (आयकरापोटी) कापतो, पण परत आलेल्या मालाचा हिशेब पुढच्या महिन्यात येतो. विक्री, परतावा, कमिशन आणि बँकेत आलेली रक्कम हे चार रकाने दर महिन्याला जुळवले नाहीत तर मार्चमध्ये कुणाच्या बापाला जुळत नाहीत.

कॉमर्सच्या मुलांनी नोंदी टाकण्याचा वेग वाढवण्यात वर्ष घालवू नये. जुळणी, नोटिशीला उत्तर लिहिणं आणि एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (माहिती साफ करून जोडायचं साधन), या तीन गोष्टी शिकाव्यात. त्या आल्या तर साखर पेठेत बसून मुंबईच्या फर्मचं काम मिळतं.

काळाकोट
वकिलीत दोन बदल एकत्र आलेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला. मुंबईची फेरी वाचली. दुसरं म्हणजे ई-फायलिंग. त्यासाठी ए-४ आकाराची, शोधता येणारी, बुकमार्क टाकलेली पीडीएफ लागते. नुसते मोबाइलनं काढलेले फोटो एकत्र जोडून चालत नाहीत. मराठी कागद स्कॅन करताना ३०० डीपीआय ठेवा. जुन्या मोडी किंवा हस्तलिखित फेरफाराला ओसीआर (चित्रातली अक्षरं यंत्रानं ओळखणं) चालत नाही, त्याची टंकलिखित प्रत सोबत लावावी लागते.

पण सगळ्यात जास्त घोळ इलेक्ट्रॉनिक पुराव्यात होतो, आणि तो पक्षकाराच्या पातळीवर होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: पहिला ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश किंमत लिहावी लागते, उदाहरणार्थ एसएचए-२५६. हॅश म्हणजे फाईलचा ठसा. फाईलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो.

म्हणून व्यापाऱ्यांनो, उधारीच्या व्यवहाराचा व्हॉट्सअ‍ॅप संवाद असेल तर स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन जपा. चॅट "एक्स्पोर्ट" करून ठेवा, व्हॉइस नोट फॉरवर्ड न करता मूळ फाईल कॉपी करा, आणि हॅश काढल्यावर ती फाईल एडिट करून पुन्हा सेव्ह करू नका. फोन एक्स्चेंजमध्ये दिला की पुरावा गेला.

एआयबद्दल एकच. मसुदा बरा करून देतं, पण न्यायनिवाडे अस्तित्वात नसलेले देतं. नाव खरं वाटतं, वर्ष खरं वाटतं, निकाल मात्र सापडत नाही. प्रत्येक निवाडा न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर उघडून, संबंधित परिच्छेद वाचूनच जोडायचा. न्यायालयापुढं जबाबदारी वकिलाची असते, यंत्राची नाही.

डॉ_सातरस्ता
थोडक्यात लिहितो. सोलापूरला धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडून पेशंट येतात. पाच मिनिटांच्या फेरतपासणीसाठी त्यांचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. बदल इथं होईल, पहिल्या तपासणीत नाही.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याच आजारासाठी मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेला पेशंट "फॉलोअप" धरला जातो. पहिल्यांदाच बघत असाल तर अनेक औषधं फक्त व्हिडिओवर बघूनच लिहिता येतात, आणि नशा आणणारी किंवा शेड्यूल एक्समधली औषधं अजिबात लिहिता येत नाहीत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवाच.

पेशंटनं काय करायचं: बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर, आणि एक मिनिटाच्या अंतरानं दोन आकडे कळवा. जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, एक जवळून आणि एक लांबून. निळसर ट्यूबलाइटखाली कावीळ दिसत नाही. छातीत दुखणं, दम लागणं, लहान बाळाचा ताप, अचानक वाकडं झालेलं तोंड, यातलं काहीही असलं तर फोन ठेवा आणि गाडीत बसा.

कुंभारीकर
डॉक्टर, शेवटची ओळ गावागावात लावली पाहिजे. लोकं आधी फोटो पाठवतात आणि मग उत्तराची वाट बघत बसतात.

तार_जोडणारा
सगळे इंटरनेटवर काय होईल ते सांगताय, इंटरनेट चालू राहील कसं ते कुणी बोलत नाही 🙂 घरून काम करणाऱ्याची नोकरी वेगामुळं जात नाही, मीटिंगमध्ये तीनदा लाइन गेल्यामुळं जाते.

१) लाइट गेल्यावर: फायबरच्या डब्यासाठी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. त्यावर ८००० एमएएच लिहिलेलं बघून भुलू नका, तो आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो. ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॅट-तास, त्यातले पाचेक व्होल्टेज बदलण्यात जातात, हातात २५ येतात. डबा आणि राउटर मिळून १० वॅट घेत असतील तर अडीच तास मिळतील. अ‍ॅडॉप्टरवर किती अ‍ॅम्पिअर लिहिलंय ते बघून तेवढं देणाराच घ्या, नाहीतर राउटर सारखा रीस्टार्ट होतो.

२) पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात ४२-४३ अंश बाहेर, म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावर किती ते बघा. बॅटरी वर्षभरात बसते आणि राउटर गरम होऊन वेग पाडतो. खोलीत, भिंतीवर, हवा लागेल असं लावा.

३) डब्यावर लाल एलओएस दिवा लागला तर रीस्टार्ट करून उपयोग नाही, प्रकाशच येत नाहीये. दिवा हिरवा आणि तरी अडखळत असेल तर राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) बघा. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान ठीक. उणे २७ च्या पुढं गेला तर कुठंतरी वायर दुमडलीय किंवा जोड खराब आहे. वायर खिळ्याला काटकोनात वळवणं हे नेहमीचं कारण. हा आकडा तक्रारीत लिहा, कंपनीचा माणूस लवकर येतो.

४) दुसरी लाइन घेताना दोन कंपन्यांचं फायबर घेऊ नका. दोन्ही एकाच खांबावरून येतात आणि जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो. एक फायबर आणि दुसरं ५जी वायरलेस.

५) कामाचा लॅपटॉप शक्यतो केबलनं जोडा. वायफायच ठेवायचं तर त्याच खोलीत ५ गीगाहर्ट्झ.

रातपाळी
परदेशी गिऱ्हाईकाचं काम करणाऱ्यांसाठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. म्हणजे पूर्ण रात्र जागायची गरज नसते. ६:३० ते १० एवढा वेळ बोलण्यासाठी द्या आणि बाकीचं काम दिवसा करा, हे करारातच लिहून घ्या.

पैशांचं: सेवांची निर्यात शून्य दराची आहे. एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि निर्यातही त्या २० लाखांत धरली जाते. नोंदणी झाली की दर आर्थिक वर्षाला पोर्टलवर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, फॉर्म आरएफडी-११) भरा. विसरलात तर आयजीएसटी आधी भरून मग परतावा मागावा लागतो. बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून ठेवा. बिलावर लिहिलेलं काम आणि बँकेत दिलेला पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) जुळला पाहिजे.

चौभाषिक
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. सोलापूरची खरी ताकद भाषा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी, एकाच गल्लीत चारही. भाषांचं संगणकीय काम आता वाढतंय, केंद्र सरकारचा भाषिणी हा भारतीय भाषांच्या भाषांतराचा प्रकल्पही याच दिशेचा आहे. आवाज ध्वनिमुद्रित करणं, ऐकून लिहून काढणं, यंत्रानं केलेलं भाषांतर सुधारणं, ग्राहकांना त्यांच्या भाषेत उत्तर देणं. विडी वळणाऱ्या किंवा घरी शिलाई करणाऱ्या घरातल्या शिकलेल्या मुलींना हे घरून करता येईल.

तांत्रिक बाजू: आवाजाची फाईल सहसा १६ किलोहर्ट्झ, एकाच चॅनलची, वेव्ह प्रकारातली मागतात. एमपी३ मध्ये मुद्रित करून नंतर वेव्ह केलेलं तपासणीत पकडलं जातं. पंखा बंद, खिडकी बंद, भिंतीला चादरी टांगा (सोलापुरात त्यांची कमतरता नाही 😄). शेजारी माग चालू असेल तर मुद्रण पहाटे करा, ती खटखट कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण जात नाही. लिहून काढण्याचा दर "ऑडिओच्या तासाला" असतो, तुमच्या कामाच्या तासाला नाही. एक तासाचं ऑडिओ नीट लिहायला नवख्याला सहा-सात तास सहज लागतात. दर मान्य करण्याआधी भागाकार करा.

आणि कळकळीनं सांगते: काम देण्याआधी नोंदणी फी, डिपॉझिट, "टास्क अनलॉक" म्हणून पैसे मागणारा प्रत्येक जण चोर आहे. गेलेच पैसे, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

विजापूरवेस
अक्का, भाषेचा मुद्दा एक नंबर. पण शेंगा चटणी राहिली की! ती इंटरनेटवर सगळीकडं पोचली आहेच.

नवीपेठकर
@विजापूरवेस, चटणी पोचते, पण तेल बाहेर येतं आणि लेबल पुसतं. साध्या प्लास्टिक पिशवीत नको, अनेक थरांची, आतून फॉइल असलेली पिशवी घ्या, सील दुहेरी, आणि सीलच्या जागी चटणीचा कण राहू देऊ नका, गळती तिथूनच होते. खवट होण्याचं कारण हवा आणि उजेड, म्हणून नायट्रोजन भरून पॅक करतात. कुटल्यावर गरम असताना भरली तर आत वाफ धरते. लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, बॅच, तारीख, आणि शेंगदाणा हा अ‍ॅलर्जीचा घटक आहे ही सूचना हवी. कडक भाकरी मात्र कुरिअरमध्ये तुकडे होऊनच पोचते, तिला खोका कडक लागतो.

डाळिंबबाग
शेतीसल्ल्याचा व्यवसायही बदलतोय. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, पण सांगोला-मंगळवेढ्याचा शेतकरी आधी फोटो पाठवतो. फोटोवरून तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) ओळखायचा तर एक फोटो पुरत नाही. पानाचा वरून, पानाचा उन्हाकडं धरून (तेलकट, पाणी भरल्यासारखा डाग प्रकाशात उठून दिसतो), फांदीच्या पेऱ्याचा, आणि फळाचा. फळावर एल किंवा वाय आकाराची चीर दिसली तर शंका पक्की होते. बुरशीच्या डागात हा तेलकटपणा नसतो. सोबत मागच्या आठ दिवसांतला पाऊस, बहार कोणता, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे लिहून द्यायला सांगा. हे न विचारता औषध सांगणारे सल्लागार ऑनलाइन खूप झालेत. निर्यातीच्या बागेची अनारनेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी असते आणि फळातले औषधाचे अंश तपासले जातात, तिथं चुकीचा सल्ला म्हणजे सगळा माल अडकणं.

होटगीरोड
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नावर या. बारावीनंतर पुणं की सोलापूर?

खतावणी
शिक्षण इथं, पहिली दोन वर्षं नोकरी बाहेर, मग ठरवा. ऑनलाइन काम शिकलेल्याला मिळतं. शिकवण्यासाठी कुणी शेजारी बसवून घ्यावं लागतं, आणि ते व्हिडिओ कॉलवर होत नाही.

ताणाबाणा
@खतावणी, हिशेबात असेल तसं. कापडात उलटं आहे. शेजारी बसवून घेणारा जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि मागवाला इथंच आहे, पुण्यात कुठला? डिझाईनचं सॉफ्टवेअर बाहेर कुठंही शिकता येईल, पण आपली फाईल मागावर उतरताना उभं राहून बघणं सोलापुरातच शक्य आहे. कापडात जाणाऱ्यानं आधी सहा महिने कारखान्यात काढावेत.

काळाकोट
ताणाबाणांशी सहमत, आणि वकिलीतही तसंच. जिल्हा न्यायालयात उलटतपासणी ऐकल्याशिवाय ती येत नाही. क्षेत्र कोणतं हे आधी ठरवा, गाव त्यावरून ठरेल.

चौभाषिक
मुलीच्या बाबतीत घरचे "इथंच बस, लॅपटॉप आहे की" म्हणून मोकळे होतात, तेवढं टाळा. घरून काम करायचं तर वेगळी खोली किंवा निदान ठराविक तास घरानं पाळले पाहिजेत. पाहुणे आले की चहा तिनंच करायचा असेल तर ते काम टिकत नाही.

कुंभारीकर
@ताणाबाणा दादा, पुतण्या बारावीला आहे, चित्रकला चांगली आहे. सुरुवात कशानं करू सांगा?

ताणाबाणा
त्याला सॉफ्टवेअर आत्ता नको. आलेख वही, पेन्सिल आणि घरातली एक जुनी चादर दे. चादरीचा एक इंच चौकोन भिंगाखाली धरून ताणे आणि पीक मोजायला सांग, मग त्यातलं एकच फूल वहीवर ठिपक्या-ठिपक्यानं उतरवू दे. ताणा वर तिथं भरलेला चौकोन, बाणा वर तिथं रिकामा. झालं की फोटो इथं टाक, चुका दाखवतो. त्यानंतर कोणत्या कारखान्यात नेऊन उभं करायचं ते बघू.